छपराखाली न म्हणायचे गाणे

धुके जमिनीतूनच उगवते, असे एल रोब्लारमध्ये राहणाऱ्या कुणालाही वाटत असे. ते वरून उतरताना कुणी पाहिले नव्हते. संध्याकाळी कालव्याच्या काठच्या ओल्या चिखलावर एखादे पांढरे जनावर निजावे तसे ते निजलेले दिसे, आणि सकाळी उठून पाहावे तो बदामाच्या बागा, पाण्याची टाकी, रस्त्यापलीकडचे घर, सारे त्याच्या पोटात गेलेले. मग रेडिओवर धुक्याचे वेळापत्रक जाहीर होई. शाळेच्या बसगाड्या उशिरा सुटत, कॉलेजचे पहिले तास रद्द होत, आणि अवघे खोरे काही काळ स्वतःच्याच स्वप्नात वाट चुकल्यासारखे थबकून राही.

नेंग थावला अशा सकाळी आवडत. धुक्यात कुणी कुणाला ओळखत नाही, म्हणून कुणाशी बोलावेही लागत नाही. त्याला वाटे, आपण मुळात धुक्यासाठीच घडवलेले आहोत. लख्ख उन्हात आपण उगाचच आलो. पण आज कॉलेजच्या वाटेवर चालताना त्याला धुक्याचाही आधार वाटत नव्हता. जाकिटाच्या आत, छातीशी, टाइप केलेली काही पाने होती. ती ओली होऊ नयेत म्हणून त्याने हात वरून दाबून धरला होता, आणि त्यामुळे आपलेच काळीज बाहेर पडू नये म्हणून आपण ते धरून चाललो आहोत, असे त्याला वाटत होते.

एल रोब्लारचे कॉलेज दोन वर्षांचे. पुढे पदवी हवी असेल तर विद्यापीठात जावे लागे. इथली बहुतेक मुले परिचारिका होत, हिशेबनीस होत, ठिबक सिंचनाची यंत्रे बसवायला शिकत; त्यांच्या वाटा रुंद आणि मळलेल्या होत्या. साहित्य, तत्त्वज्ञान, इतिहास असले काही पुढे शिकायचे म्हणणाऱ्यासाठी एकच अरुंद वाट होती, आणि त्या वाटेच्या तोंडाशी डेल्फिना बेटेनकूर बसलेल्या असत. त्या कॉलेजच्या समुपदेशक. त्यांच्या खटपटीमुळे दर जानेवारीत सांता लुझच्या विद्यापीठातून एक प्राध्यापक एका दिवसासाठी येई. प्रत्येक इच्छुकाने आपल्या घरातला एखादा मजकूर आणायचा, मोठ्याने वाचायचा, आणि त्यावरची चर्चा चालवायची. त्यातून जे निवडले जात ते उन्हाळ्यात सांता लुझला शिकायला जात. आणि उन्हाळ्यात जो गेला, त्याला शरदात विद्यापीठाचा दरवाजा उघडा असे. जो राहिला, तो बहुधा कायमचाच राहिला.

नेंगला तिथे जायचे होते. किती जायचे होते, हे त्याने कुणाला सांगितले नव्हते. गेल्या पानगळीत डेल्फिनाबाईंनी सगळ्यांना व्हॅनमध्ये घालून सांता लुझ दाखवून आणले होते. एका खोलीच्या मागच्या भिंतीला टेकून त्याने एक तास पाहिला. आठ-दहा माणसे एका लांबट टेबलाभोवती बसली होती, आणि सबंध तास ती एका कवितेच्या एकाच ओळीविषयी बोलत होती. कुणाला घाई नव्हती. मधे मधे सगळेच गप्प होत, आणि त्या गप्प बसण्याची कुणाला लाज वाटत नव्हती. खिडकीबाहेर समुद्र होता, पण त्याच्याकडे कुणी पाहत नव्हते. परतीच्या वाटेवर नेंगने काचेला कपाळ टेकले आणि डोळे मिटून घेतले. जगात अशी एक खोली आहे, एवढेच तो पुन्हा पुन्हा मनात म्हणत राहिला.

घरी आईला सांगितले तेव्हा ती मिरच्या कुटत होती. "साहित्य? म्हणजे गोष्टीच ना?" ती म्हणाली. "गोष्टी तर तुझा काकाही सांगतो. त्याला कोण पगार देतं?"

काका म्हणजे न्या येर थाव, नेंगच्या वडिलांचे थोरले भाऊ. खंडाने घेतलेल्या जमिनीच्या तुकड्यावर ते गवती चहा आणि लांब शेंगा पिकवत. पण युद्धातून पळून, निर्वासित छावण्यांमार्गे या खोऱ्यात आलेल्या म्हाँग लोकांत कुणी वारले की पहिला फोन त्यांना येई. मेलेल्या माणसाला परत नेणारे गाणे त्यांना येत होते. माणूस जिथे शेवटी राहिला त्या गावापासून सुरुवात करायची. मग त्याच्या आधीचे गाव, मग त्याच्याही आधीचे. प्रत्येक ठिकाणच्या पाण्याचे, सरपणाचे, छपराचे आभार मानायचे आणि निरोप घ्यायचा. असे करत करत छावणी, नदी, नदीपलीकडचे डोंगर ओलांडून, जन्मल्यावर जिथे त्याची वार पुरली त्या मातीपर्यंत त्याला हाताला धरून न्यायचे, आणि तिथून पुढे पूर्वजांच्या स्वाधीन करायचे. हे गाणे अर्धा दिवस चाले. चुकले तर माणूस वाटेत कुठेतरी उभाच राहतो.

दोन हिवाळे नेंग ते शिकत होता. घरात नव्हे, कालव्यापलीकडच्या बदामाच्या बागेत, उघड्या आभाळाखाली. "घरात शिकलं तर घर ऐकतं," काका म्हणत. "आणि घराला वाटतं, कुणाला तरी न्यायला आलेत." निष्पर्ण झाडांच्या रांगांमध्ये काका एक ओळ म्हणत, नेंग ती परत म्हणे. त्याचा आवाज तिथे कापत नसे. शिकताना कधी कधी त्याला आपल्या स्वतःच्या गाण्याची आठवण येई, आणि ते फार आखूड वाटे. त्याला एकच गाव होते. आणि जन्म इस्पितळातला. वारेचे इस्पितळाने काय केले, कुणास ठाऊक.

डिसेंबरात डेल्फिनाबाईंनी विचारले होते, "मग, काय आणणार आहेस?"

तो उत्तर शोधू लागला, तोवर त्यांनाच आठवले.

"तुझ्या काकांचं ते गाणं! तू निबंधात लिहिलं होतंस बघ, गावागावांतून परत नेणारं. अरे, तेच आण की. असं काही त्या लोकांनी जन्मात ऐकलं नसेल."

"हो, मॅडम," नेंग म्हणाला.

त्याच्या घरी वडीलधाऱ्यांच्या तोंडावर कुणी नाही म्हणत नसे. हो म्हणायचे, मग ती गोष्ट हळूहळू होत नाही, आणि सगळे समजून घेतात. पण डेल्फिनाबाई अझोर बेटांवरून आलेल्या गवळ्यांच्या घरातल्या होत्या. दूध काढायला येतो म्हटलेला माणूस आला नाही तर तिथे गाई हंबरत. त्यांनी त्याचे हो खरे धरले, आणि त्याच संध्याकाळी सांता लुझला कळवून टाकले.

मग नेंगने स्वतःची समजूत घातली. छपराखाली म्हणायला मनाई आहे ती गाण्याला. काकांच्या भाषेतल्या, काकांच्या चालीतल्या शब्दांना. आपण इंग्रजीत उतरवू. चाल नाही, सूर नाही, नुसता अर्थ. दुसऱ्या भाषेत गेलेले शब्द म्हणजे टाकलेली कात. त्यांना कुठला दंश? ग्रंथालयात बसून त्याने एक भाग उतरवला. छप्पर कोसळले नाही. शेजारी कुणीतरी लेखाशास्त्राची गणिते सोडवत होते, ते तसेच सोडवत राहिले. काकांना मात्र त्याने हे सांगितले नाही.

वर्गात पाऊल टाकले तेव्हा आत पिवळा दिवा होता आणि खिडक्यांबाहेर काहीच नव्हते. जणू ती एकच खोली शिल्लक ठेवून बाकीचे जग कुणी पुसून टाकले होते. टेबले जोडून लांब केली होती. इतर इच्छुकांबरोबर रोसिओ सांब्रानो आधीच येऊन बसली होती, आणि तिच्या शेजारी तिची सहा वर्षांची मुलगी इट्सेल गोड पाव खात होती.

"शाळा उशिरा," रोसिओ म्हणाली. "हिला कुठे टाकू? मॅडमना सांगितलं, ही माझी साहाय्यक. काय रे घुम्या, आज तरी तोंडातली मिठाची गुळणी थुंकणार आहेस का?"

"बघू," नेंग म्हणाला.

"बघा! एक शब्द बोलला. आता आठवडाभर विश्रांती."

इट्सेलने पावाचा तुकडा तोडून त्याच्यापुढे धरला. साखरेची शिंपल्यासारखी नक्षी असलेला नेमका वरचा भाग होता. त्याने तो घेतला.

प्राध्यापिका लिंडक्विस्ट उशिरा आल्या. उंच, वाकलेल्या, केस धुक्याने ओले झालेल्या. "मी कुठून आले ते मला सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "एका ट्रकचे मागचे दिवे धरून आले. तो वळला असता तर मी आता कुणाच्या तरी गोठ्यात असते." सगळे हसले. डेल्फिनाबाई म्हणाल्या, "आमच्याच गोठ्यात असता. कॉफी तिथेही मिळाली असती."

पहिली रोसिओ. तिने मजकूर म्हणून एक मेणबत्ती आणली होती. जडीबुटीच्या दुकानात मिळते तशी, काचेच्या उभ्या पेल्यातली, पेल्यावर प्रार्थना छापलेली. चहाडखोर शेजारणीचे तोंड बंद करण्याची ती प्रार्थना होती. रोसिओने ती आधी स्पॅनिशमध्ये आणि मग इंग्रजीत इतक्या भक्तिभावाने वाचली, की प्राध्यापिकांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"आणि लागू पडते?" त्यांनी विचारले.

"शेजारीण घर सोडून गेली. पण तिच्या जागी आलेली तिची बहीण निघाली."

मग मात्र चर्चा गंभीर झाली. छापील प्रार्थनेत शत्रूच्या नावासाठी मोकळी जागा का सोडलेली असते. ती जागा भरणारा माणूस कवी होतो की गिऱ्हाईक. रोसिओ बोलत होती आणि तिला आपण बोलतो आहोत याचे भानही नव्हते. नेंगला सांता लुझची ती खोली आठवली. तीच खोली धुक्यातून चालत इथवर आली होती.

"मिस्टर थाव," प्राध्यापिका म्हणाल्या.

नेंगने पाने टेबलावर ठेवली. ती कोरडी होती. पहिली ओळ त्याला पाठ होती. इंग्रजीतली, निरुपद्रवी, नुसती कात. त्याने तोंड उघडले.

समोर इट्सेल हनुवटी टेबलावर ठेवून त्याच्याकडे पाहत होती. ओठांना साखर लागलेली होती. तिच्या डोक्यावर छप्पर होते. त्याखाली पिवळा दिवा होता, आणि बाहेर सगळे पांढरे, सगळे वाट पाहत असल्यासारखे. पहिल्या ओळीत गाणारा विचारतो: आज तू खरेच गेला आहेस का? गेला असशील तर ऊठ, तोंड धू, आपल्याला निघायचे आहे.

शब्द त्याच्या जिभेवर आला आणि जिवंत झाला. कात नव्हतीच ती. आत सगळा साप होता.

त्याने तोंड मिटले.

  डेल्फिनाबाई मान हलवून त्याला धीर देत होत्या. रोसिओने टेबलाखालून त्याच्या पायाला पाय लावला. घड्याळाचा काटा सरकत होता, आणि त्या प्रत्येक सरकण्याबरोबर समुद्राजवळची ती खोली दूर जाते आहे, हे नेंगला स्पष्ट दिसत होते. तरी ओठ उघडेनात.

"वाचायला अवघड जात असेल तर राहू द्या," प्राध्यापिका मऊपणाने म्हणाल्या. "त्यात काय घडतं, एवढं सांगाल?"

"गाणारा... मेलेल्या माणसाला परत नेतो. राहिलेल्या प्रत्येक गावातून. उलटं. जन्मापर्यंत."

"किती सुंदर!" त्यांचे डोळे चमकले. त्यांच्या मनात खरेच वाईट काही नव्हते. शिकवणारी माणसे अवघडलेला क्षण उचलून त्याचा खेळ करतात, तसे त्यांनी केले. "मग आपण सगळे करून पाहू या का? प्रत्येकाने आपली गावं सांगायची, उलट क्रमाने. मिस्टर थाव यांना तेवढाच वेळ मिळेल. कोण सुरुवात करतं?"

"मी!" इट्सेल खुर्चीवर उभी राहिली. "आता कॉलेज. त्याच्या आधी आमचं घर. त्याच्या आधी आजीचं घर, तिथे कोंबड्या होत्या. त्याच्या आधी ते निळं घर, तिथे पप्पा होता. त्याच्या आधी—"

"थांब!"

खुर्ची मागे पडल्याचा आवाज झाला. आपण उभे आहोत, आणि ओरडलेला माणूस आपणच आहोत, हे नेंगला सर्वांत शेवटी कळले. इट्सेलचा खालचा ओठ थरथरला आणि ती रडू लागली. रोसिओने तिला कुशीत ओढले.

"काय झालं काय तुला?" ती चिडून म्हणाली. "लेकरू आहे ते!"

"म्हणूनच," नेंग म्हणाला.  तो टेबलाला वळसा घालून गेला आणि मुलीसमोर गुडघ्यांवर बसला. "इट्सेल, चुकलं माझं, ओरडायला नको होतं. पण तू अशी मधेच नको थांबूस. परत ये. कुठे होतीस?"

"निळ्या घरात," ती हुंदक्यांमधून म्हणाली.

"बरं. मग तिथून कुठे गेलात?"

"आजीकडे."

"कोंबड्या होत्या तिथे. मग?"

"मग आमचं घर. मग इथे."

"इथे म्हणजे कुठे?"

"कॉलेजात. आईजवळ."

"आणि इथून कुठे जाणार?"

तिने नाक पुसले. "शाळेत. आज मातीचं काम आहे."

"मग झालं," नेंग म्हणाला. "मग झालं सगळं ठीक."

तो उठला तेव्हा सगळे त्याच्याकडे पाहत होते. आता बोलण्यावाचून गत्यंतर नव्हते. जिवंत माणसाची गावे उलटी मोजत नाहीत, असे काका सांगत. विशेषतः लहान मुलाची, ज्याला जन्मापर्यंत पोचायला फार लांब जावे लागत नाही. हे गाणे घरात शिकत नाहीत. छपराखाली म्हणायचे ते फक्त एका दिवशी, आणि ज्याच्यासाठी म्हणायचे तो तिथे आडवा असतो. तो हे तुटक तुटक सांगत गेला, खाली पाहत.

"पण हे भाषांतर आहे ना?" प्राध्यापिकांनी पानांकडे बोट दाखवून विचारले. प्रश्नात खोच नव्हती. त्यांना खरेच जाणून घ्यायचे होते.

"मलाही तेच वाटलं होतं. की इंग्रजीत ते झोपलेलं राहील." तो थांबला. कुणी घाई केली नाही. "लिहिताना झोपलेलंच होतं. ग्रंथालयात कुणी ऐकत नव्हतं. इथे ही ऐकत होती."

"म्हणजे मनाई शब्दांना नाही," रोसिओ हळूच म्हणाली. ती अजून मुलीला थोपटत होती. "ऐकणाऱ्याला आहे."

"किंवा मधल्या जागेला," प्राध्यापिका म्हणाल्या. "तुमच्या मेणबत्तीवरच्या मोकळ्या जागेसारखी. ऐकणारा तिथे आपलं नाव घालतो."

मग बराच वेळ बोलणे चालले. जो मजकूर कुणी ऐकला नव्हता, त्याच्याभोवती ते सगळे हात शेकत बसल्यासारखे बसले होते. धुक्याचा रंग बाहेर हळूहळू उजळला, पण फाटला नाही.

शेवटी प्राध्यापिकांनी चष्मा नीट केला. "मिस्टर थाव, मला एक अडचण आहे. निवड करायची तर सादर केलेल्या मजकुरावर करायची, असा नियम आहे. मिस सांब्रानोंनी वाचलं, बाकीचे वाचतील. तुम्ही वाचलं नाहीत."

डेल्फिनाबाई पुढे सरसावल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता; आपल्या हातून काय झाले ते त्यांना आता उमगले होते. "बाहेर चालतं ना, नेंग? उघड्यावर? तू बागेत शिकतोस ना? मग आपण सगळे मैदानावर जाऊ. इट्सेलला मी इथे सांभाळते. दोन ओळी म्हण, एवढंच. अरे, तुझ्या जागेचा प्रश्न आहे!"

सगळे त्याच्याकडे पाहू लागले. वाट उघडी होती. छप्पर नाही, मूल नाही. काकांचा नियम अक्षराने पाळला गेला असता. आणि लांब टेबलाची ती खोली, जिथे गप्प बसण्याची लाज वाटत नाही, तिच्यापर्यंत फक्त दोन ओळींचे अंतर होते. नेंगने ते अंतर पाहिले. 

"नाही, मॅडम," तो म्हणाला.

वडीलधाऱ्या माणसाला त्याने आयुष्यात प्रथमच नाही म्हटले होते. तो शब्द तोंडात अनोळखी वाटला.

"बागेत चालतं ते शिकणाऱ्याला. तुम्ही शिकायला नाही, पाहायला येणार. मला जागा हवी म्हणून मी म्हणणार. त्या गाण्यात असं कुणी नसतं." त्याने पाने गोळा केली. "मला तिथे यायचं होतं. फार यायचं होतं. पण हे देऊन नाही."

दिवस संपला तेव्हा प्राध्यापिकांनी निकाल सांगितला नाही. हस्तांदोलने केली आणि डगला चढवला. डेल्फिनाबाई नेंगला दारात गाठून म्हणाल्या, "तेव्हाच का नाही सांगितलंस रे, वेड्या?"

"तुम्ही विचारलं होतं ना," तो म्हणाला. "मग नाही कसं म्हणणार?"

त्यांनी आपल्याच कपाळावर हात मारला.

बाहेर धुके पुन्हा दाट झाले होते. वाहनतळावर प्राध्यापिका आपल्या गाडीपाशी उभ्या होत्या. महामार्ग कोणत्या दिशेला आहे हेही त्यांना ठरवता येत नव्हते. खोऱ्यात अशा वेळी जे करतात ते नेंगने न विचारता केले. तो गाडीच्या पुढे जाऊन उभा राहिला, हात वर केला, आणि रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या रेषेवरून चालू लागला. मागून गाडी रांगत आली. दिव्यांच्या उजेडात त्याची सावली धुक्यावर पडली होती; प्रचंड, मऊ, कडा नसलेली. त्या सावलीच्या मागे मागे तोही चालला.

काच खाली सरकल्याचा आवाज आला.

"मिस्टर थाव, तिकडे एका रकान्यात मला लिहावं लागेल, तुम्ही काय वाचलंत ते."

"वाचलं नाही, असं लिहा," तो मागे न पाहता म्हणाला. त्याला वाटले, हाच निकाल.

"तेच लिहिणार आहे. आणि खाली लिहिणार आहे, की दिवसभरात आम्ही सर्वांत जास्त वेळ त्याच्याविषयी बोललो." गाडी काही अंतर तशीच सरकत राहिली. "जूनमध्ये या. समितीत मला थोडं भांडावं लागेल. मला भांडायला आवडतं. पण एक आहे. तिथे कुणी ते गाणं मागितलं, तर आज म्हणालात तसंच म्हणायचं. जमेल?"

नेंगने मान हलवली, मग धुक्यात ती दिसणार नाही हे लक्षात येऊन मोठ्याने म्हणाला, "जमेल."

महामार्गाचा चढ आला. लाल दिवे क्षणभर लुकलुकले आणि विझले. नेंग एकटाच रस्त्याच्या कडेला उभा राहिला. आनंद असा येत असेल, असे त्याला वाटले नव्हते. तो ओलसर होता, शांत होता, आणि त्यात थोडी भीतीही होती.

काका वाफ्यांवर होते. थंडीने जळू नये म्हणून गवती चहावर घातलेले प्लास्टिक जागोजागी उडाले होते; ते त्यावर माती ओढत होते. नेंगने दुसरे टोक धरले. दोघांनी मिळून एक वाफा झाकला. मग त्याने सगळे सांगितले. ग्रंथालयातले भाषांतरही, मुलीचे रडणेही.

काकांनी ऐकून घेतले. भाषांतराचे आले तेव्हा त्यांचा हात थांबला, आणि मग पुन्हा चालू लागला. "पानं कुठे आहेत?"

नेंगने जाकिटातून काढून दिली. काकांना इंग्रजी वाचता येत नव्हते. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, घडी केली, आणि परत त्याच्या हातात ठेवली. "जवळ ठेव. घरात नको. शेडमध्ये ठेव." मग म्हणाले, "म्हणजे गाणं म्हटलं नाहीस, म्हणून तुला घेतलं?"

"हो."

"अजबच लोक. असं असतं तर न गाऊन मी आतापर्यंत कुठल्या कुठे पोचलो असतो." ते स्वतःशीच खुसुखुसू हसले. पुढच्या वाफ्यापर्यंत गेले, आणि पाठमोरेच राहून त्यांनी विचारले, "नाव काय त्या गावाचं?"

"सांता लुझ."

"सांता लू."

"लुझ. शेवटी थोडं घासून."

"लु... लुझ." त्यांनी तोंड वेडेवाकडे करून पाहिले. "तिथे पाणी कसलं आहे?"

"समुद्राचं. पण प्यायचं डोंगरातून येतं."

"आणि राहशील ते घर कुठल्या अंगाला? डोंगराच्या की समुद्राच्या?"

नेंगला उत्तर माहीत नव्हते. काका हे सारे कशासाठी विचारत आहेत, हे मात्र त्याला एकाएकी कळले: त्याच्या गाण्यात आता दुसरे गाव येणार होते. "काका," तो चाचरत म्हणाला, "पण तुम्ही तर माझ्या आधी..."

"मग दुसऱ्या कुणाला सांगून ठेवीन," काका म्हणाले. "त्यात काय! नाव नीट यायला हवं. चुकलं तर माणूस भलत्याच गावात उभा राहतो, आणि तिथलं कुणी ओळखत नाही." त्यांनी फावडे मातीत रोवले आणि त्यावर दोन्ही हात टेकले. समोर बदामाची झाडे एकेक करून पांढऱ्यात विरत चालली होती. "घाई नको करूस. पुन्हा सांग."

नेंगने ते नाव पुन्हा सांगितले, सावकाश, अक्षर अक्षर सुटे करून.